एक ब्रास खडीत निओडायमियम किती?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम. तोवर यातली बहुतेक नावं शाळेच्या भिंतीवरच्या आवर्तसारणीत तळाला, सगळ्यांपासून वेगळ्या छापलेल्या दोन ओळींपुरती होती आणि परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येत नसल्यामुळे कुणी वाचत नव्हतं. मग विजेवरच्या गाड्यांच्या मोटारींत लागणाऱ्या चुंबकांची ओढाताण सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशात असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हापासून ‘रेअर अर्थ’ (हे सात आणि निओडायमियमसारखे त्यांचे भाऊबंद) हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत आला आहे.

सोबत एक प्रश्नही आला, आणि तो अगदी रास्त आहे. हे धातू ज्वालामुखीच्या खडकांत सापडतात असं बातम्यांत म्हणतात. सोलापूर तर अख्खंच ज्वालामुखीच्या दगडावर बसलं आहे. भुईकोट किल्ला त्याच दगडाचा, विहिरी त्याच दगडात खोदलेल्या, रस्त्याची खडीही त्याचीच. मग आपल्याकडे का नाही?

उत्तर एका ओळीत सांगता येतं, पण ते पटायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल. आपला दगड फार मोठ्या प्रमाणावर वितळून झाला आहे. हे धातू मात्र जिथे वितळणं अगदी थोडक्यात आटोपलं अशा जागी गोळा होतात. अशा जागांच्या खडकांना अल्कलाइन खडक म्हणतात.

हिशेब सिलिकाचा

जमिनीखालून वर आलेला वितळलेला रस, म्हणजे मॅग्मा, थंड होऊन बनलेला दगड तो अग्निजन्य खडक. त्यात सगळ्यात जास्त असते सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. वाळूतली गारगोटी ही जवळपास शुद्ध सिलिका. त्याखेरीज ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि दोन अल्कली धातू: सोडियम व पोटॅशियम.

थंड होताना सोडियम-पोटॅशियमला घर लागतं. नेहमीचं घर म्हणजे फेल्डस्पार हे खनिज. सोडियमवाल्या फेल्डस्पारमध्ये एका सोडियममागे एक ॲल्युमिनियम आणि तीन सिलिकॉन लागतात. सिलिका पुरेशी असेल तर प्रश्नच नाही, उरलेली सिलिका गारगोटी होऊन बाजूला बसते. ग्रॅनाइटमध्ये हेच होतं.

पण सोडियम भरपूर आणि सिलिका तुटपुंजी असेल तर? मग तीनची सोय होत नाही. एका सोडियममागे एक ॲल्युमिनियम आणि एकच सिलिकॉन, अशी काटकसर करून नेफेलीन नावाचं खनिज तयार होतं. पोटॅशियमच्या बाबतीत तीनऐवजी दोन सिलिकॉनवर भागवणारं ल्युसाइट. या खनिजांचा एक नियम पक्का आहे. नेफेलीन आणि गारगोटी एकाच रसातून शेजारी शेजारी बनत नाहीत. गारगोटीपुरती सिलिका शिल्लक असती तर नेफेलीनने ती आधीच घेऊन फेल्डस्पारचं रूप घेतलं असतं. त्यामुळे खडकात खरोखर नेफेलीन दिसलं की भूशास्त्रज्ञ पुढचं फारसं न विचारता सांगतो, हा अल्कलाइन.

तुटवडा सिलिकाचाच असतो असं नाही, ॲल्युमिनियमचाही असू शकतो. सोडियम-पोटॅशियमच्या प्रत्येक अणूला एक ॲल्युमिनियम हवाच. तो कमी पडला की उरलेलं सोडियम लोहाशी संधान बांधतं आणि एजिरीन नावाच्या हिरव्या-काळ्या सुया तयार होतात. अशा खडकांत सिलिका भरपूर असली, अगदी गारगोटी असली, तरी ते अल्कलाइनच्या कुळातच मोजतात. याच्या नेमकं उलटही घडतं. तामिळनाडूत कांगेयमजवळच्या शिवमलईला नेफेलीनच्या खडकात ॲल्युमिनियम शिल्लक राहिलं. त्याचं कोरंडम झालं, म्हणजे ज्या खनिजाचे माणिक-नीलम होतात ते.

आता आपला दगड. दख्खनचा बसाल्ट घेतला तर त्यात सिलिका साधारण ४९ टक्के आणि सोडियम-पोटॅशियमची ऑक्साइडं दोन्ही मिळून अडीच-तीन टक्के. नेफेलीन सायनाइट या ठसठशीत अल्कलाइन खडकात हाच आकडा १४-१५ टक्क्यांवर जातो. फरक उन्नीस-बीसचा नाही.

पण आमची जमीन तर अल्कलीच आहे!

हा आक्षेप सोलापुरात येणारच. माती परीक्षणाच्या कागदावर सामू साडेआठच्या वर, शेरा ‘चोपण’, उपाय ‘जिप्सम टाका’. मग खालचा खडक अल्कलाइन नाही कसा?

दोन्ही गोष्टींत सोडियम आहे, संबंध तिथेच संपतो. चोपण जमीन हा पाण्याचा आणि निचऱ्याचा प्रश्न आहे. काळी माती पाणी धरून ठेवते. उसाला पाट भरभरून पाणी दिलं आणि ते खाली निघून गेलं नाही, तर ऊन ते उडवून नेतं आणि क्षार मागे ठेवतं. मातीच्या कणांवर कॅल्शियमच्या जागी सोडियम चिकटत जातं. ते प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे गेलं की माती ओली असताना चिकट, सुकली की दगड. हे सगळं गेल्या काही दशकांत, वरच्या मीटर-दोन मीटरमध्ये घडलेलं असतं. खडकाचा अल्कलाइनपणा ठरला तो कोट्यवधी वर्षांपूर्वी, कित्येक किलोमीटर खाली. तुमच्या शेताचा सामू किती का असेना, मुरुमाखालचा काळा पाषाण होता तोच राहतो.

(चोपण जमिनीवर वेगळं लिहायला हवं. रेअर अर्थपेक्षा तो विषय या जिल्ह्याच्या कितीतरी जास्त कामाचा आहे.)

चादरीचं पहिलं पाणी

आता मुख्य मुद्दा. सिलिकेचा तुटवडा आणि रेअर अर्थ धातूंची गर्दी एकाच ठिकाणी का?

आपण सोलापूरकर, तेव्हा उदाहरण चादरीचंच. कच्च्या रंगाची नवी चादर घमेल्यात तांब्याभर पाण्यात भिजवा आणि पिळा. पाणी गडद निघतं. तीच चादर हौदभर पाण्यात बुचकळली असती तर सुटलेला रंग जवळपास तेवढाच असता, पण पाणी फिकट दिसलं असतं. रंग किती आहे यापेक्षा किती पाण्यात उतरला, यावर पाण्याचा गडदपणा ठरतो.

कवचाखाली पृथ्वीचं जाड आवरण आहे, मॅंटल. ते द्रव नाही, घट्ट दगड आहे. काही कारणाने त्याचा थोडा भाग वितळतो, सगळा नाही. मॅंटलच्या खनिजांत लोह-मॅग्नेशियमच्या मापाच्या जागा असतात. पोटॅशियम, रेअर अर्थ धातू हे आकाराने मोठे, तर नायोबियम, झिर्कोनियम यांचा विद्युतभार जास्त. त्या जागांत हे मावत नाहीत, कसेबसे अडकून बसलेले असतात. वितळण्याला सुरुवात होताच हे सगळे पहिल्या थेंबात उतरतात. कच्चा रंग हाच.

मॅंटलचा एक ते पाच टक्के भागच वितळला आणि तो रस तिथूनच निघून वर आला, तर तो गडद. त्यात अल्कली जास्त, रेअर अर्थ जास्त. फार खोलवर, मोठ्या दाबाखाली वितळल्यामुळे त्यात सिलिका मात्र कमी. खाली कार्बन डायऑक्साइड असेल तर दगड आणखी कमी तापमानाला पाझरू लागतो आणि रस आणखी गडद. पण दहा टक्क्यांहून जास्त भाग वितळला, तर तोच ऐवज मोठ्या पुरात विरघळून जातो. दख्खनचा लाव्हा असा पूर होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भूशास्त्राच्या मानाने डोळ्याचं पातं लवेतो, त्याने आज दिसणारा पाच लाख चौरस किलोमीटरचा मुलूख झाकला. हौदभर पाणी.

आकडा हवा असेल तर असा. अशा बसाल्टमध्ये निओडायमियम, म्हणजे चुंबकाचा मुख्य धातू, टनामागे वीसेक ग्रॅम असतो. एक ब्रास खडी साधारण साडेचार टन भरते. म्हणजे ब्रासमागे शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास या खाणीतल्या एका टनात सगळे रेअर अर्थ मिळून ७०-८० किलो निघतात आणि त्यात निओडायमियम आठ-दहा किलो असतं. तेव्हा ‘आपल्या दगडात आहे की नाही’ याचं खरं उत्तर ‘आहे’. फक्त तो काढायचा खर्च धातूच्या किमतीला गिळून टाकतो. नावात ‘रेअर’ असलं तरी कवचात निओडायमियम शिशापेक्षा जास्त आहे. अडचण आहे ती तो एका जागी न मिळण्याची.

वर आलेल्या रसाची गोष्ट इथे थांबत नाही. तांब्याभर गडद पाणी परातीत घालून उन्हात ठेवलं तर आटत आटत आणखी गडद होतं. मॅग्माही कवचात थांबला की आधी साधी खनिजं गोठवून बाजूला टाकतो आणि उरलेल्या रसात हे नकोसे धातू वाढत जातात. अल्कलाइन रसात सोडियम, फ्लोरिन, क्लोरिन असल्यामुळे तो उशिरापर्यंत पातळ राहतो, म्हणून ही प्रक्रिया फार लांबवर जाते. ग्रीनलंडमधल्या इलिमाउसाक आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पातल्या लोवोझेरो या डोंगरांत तर उरल्यासुरल्या रसातून जगात इतरत्र क्वचित दिसणारी खनिजं झाली. अल्कलाइन खडक जगातल्या अग्निजन्य खडकांच्या एक टक्काही नाहीत, पण अग्निजन्य खडकांना दिलेल्या नावांपैकी जवळपास निम्मी नावं यांच्या वाट्याला आली आहेत. ज्या गावात नवा नमुना सापडला त्या गावाचं नाव द्यायची जुनी हौस. विद्यार्थ्यांच्या डोक्याला ताप व्हायचा तो झालाच, पुढे आंतरराष्ट्रीय समित्या बसवून ही यादी छाटावी लागली.

इथे कुणी विचारेल, एक-दोन टक्केच वितळलं तर रस किती निघणार? त्यातून खाण कशी होणार? दोन गोष्टी लागतात. एक, मॅंटलच्या फार मोठ्या भागातून थेंब थेंब गोळा व्हायला जमिनीत खोल जुनी भेग. दुसरी, निवांतपणा. वर जाड भूकवच आणि खाली बेताची उष्णता, म्हणजे पूर यायचा नाही. म्हणून अल्कलाइन खडक आफ्रिकेच्या खचदरीसारख्या ठिकाणी किंवा मोठ्या लाव्हा प्रदेशांच्या कडेला सापडतात.

दख्खनच्या कडेला काय आहे

आपल्या दख्खनचंही तेच. मधला पठारी भाग साधा बसाल्ट, आणि अल्कलाइन खडक कडेकडेने. कच्छमधल्या लहान टेकड्या, जुनागढचा गिरनार, राजस्थानात मुंडवारा आणि सरनू-दंडाली. महाराष्ट्रात बघायचं तर मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर लॅम्प्रोफायर नावाच्या अल्कलाइन खडकाच्या भिंती बसाल्टला चिरून वर आल्या आहेत, आणि त्यांनी येताना मॅंटलचे तुकडेही सोबत आणले आहेत.

सगळ्यात नाव घेण्यासारखी जागा अंबाडोंगर. गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तरेला. तिथे कार्बोनेटाइट आहे. हा प्रकार ऐकायला विचित्र आहे. चुनखडीच्या रसायनाचा, पण मॅग्मापासून झालेला दगड. निम्म्याहून जास्त कार्बोनेट, सिलिका नावालाच. वितळण्याचा अगदी पहिला, एक टक्क्याहूनही कमी थेंब कार्बन डायऑक्साइडसकट वर आला की असा दगड होऊ शकतो. अंबाडोंगरचा कार्बोनेटाइट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे आपल्या लाव्ह्याचाच समकालीन. १९६३ मध्ये सुखेस्वाला आणि उदास या भूशास्त्रज्ञांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. तिथे फ्लुओराइट हे खनिज काढलं गेलं आहे आणि रेअर अर्थच्या भारतीय साठ्यांच्या कुठल्याही चर्चेत हे नाव असतंच.

‘चुनखडीचा लाव्हा’ यावर भूशास्त्रज्ञांचाही बरीच वर्षं विश्वास नव्हता. जुनी चुनखडी ज्वालामुखीत सापडून भाजली असणार, असं अनेकांचं म्हणणं. १९६० मध्ये टांझानियाच्या ओल डोइन्यो लेंगाई या ज्वालामुखीच्या विवरात तसा लाव्हा प्रत्यक्ष वाहताना बघितला गेला आणि वाद मिटला. तो ज्वालामुखी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. बसाल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअसचा, हा ५०० ते ६००. दिवसा तो लाल दिसत नाही, काळाच दिसतो. त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, इतकं असतं की हवेतली ओल लागून काही दिवसांत काळा लाव्हा पांढरा पडतो.

सिलिका कमी म्हणजे रस पातळ. कांगोतल्या न्यीरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा नेफेलीनवाला. जानेवारी १९७७ मध्ये त्याच्या विवरातलं लाव्ह्याचं तळं कडेच्या भेगांतून तासाभरात रिकामं झालं आणि उतारावरच्या गावांना पळायला वेळ मिळाला नाही.

दगड हातात घेऊन

एवढं वाचून प्रत्यक्ष बघावंसं वाटलं तर सोलापुरात एक सोपी जागा आहे: फरशी-ग्रॅनाइटचं दुकान. ‘ब्लू पर्ल’ नावाची पॉलिश केलेली लादी मागा. निळसर करडी, आणि वाकून बघितलं की तिच्यातले नखाएवढे तुकडे निळे-चंदेरी चमकून जातात. दुकानदार ग्रॅनाइटच म्हणेल, बिलावरही तेच लिहील. पण हा नॉर्वेच्या लार्विक भागातला लार्विकाइट, अल्कलाइन कुळातला, सुमारे २९ कोटी वर्षांचा. लादी उजेडाकडे हळूहळू तिरकी करा. एक तुकडा चमकतो, शेजारचा विझतो, आणखी थोडं वळवलं की उलट. प्रत्येक तुकडा फेल्डस्पारचा एक स्फटिक आहे. थंड होताना त्याच्या आत दोन जातींच्या फेल्डस्पारचे अतिशय पातळ पदर वेगळे झाले, आणि उजेड त्या पदरांवर आदळून निळा परततो. भिंगातून गारगोटीचे काचेसारखे दाणे शोधा. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये ते दिसतात. इथे सहसा सापडणार नाहीत.

नेफेलीन ओळखणं जरा कठीण. ताज्या तुटीवर ते करडं आणि तेलकट दिसतं, घाईत गारगोटीच वाटतं. पण उघड्यावर पडलेल्या दगडात नेफेलीन आधी झिजतं आणि तिथे खळगे पडतात. गारगोटी असती तर ती उंचवट्यासारखी वर राहिली असती. प्रयोगशाळेत त्याची पूड हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की चिकट जेली होते. नेफेलीनच्या सोबतीचं सोडालाइट हे खनिज मात्र लपत नाही. राजस्थानात किशनगढच्या नेफेलीन सायनाइटमध्ये ते चांगलं गडद निळं मिळतं.

नेफेलीनचा उपयोग काय, तर काच आणि सिरॅमिक. मिश्रणात ते घातलं की कमी तापमानाला वितळतं, भट्टीचं इंधन वाचतं. रशियात त्यापासून ॲल्युमिनियमही काढतात. कोलातल्या खिबिनी डोंगरात त्याच्याच सोबतीला ॲपेटाइट आहे, त्याचं स्फुरदयुक्त खत होतं. ब्राझीलमधल्या अराशा इथल्या कार्बोनेटाइटमधून जगातला मोठ्यात मोठा नायोबियमचा पुरवठा होतो. तो पोलादाला बळकटी देतो.

घोडं इथे पेंड खातं

मग अल्कलाइन डोंगर सापडला की चुंबक झालाच? बातम्या साधारण याच सुरात असतात: अमुक ठिकाणी इतके लाख टन. माझं मत विचाराल तर या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. साठा किती, याआधी विचारायचं की धातू कुठल्या खनिजात आहे.

कार्बोनेटाइटमध्ये रेअर अर्थ बहुधा बास्टनेसाइट या खनिजात असतात. ते फोडायची रीत कारखान्यांना चांगली माहीत आहे. नेफेलीन सायनाइटच्या डोंगरांत तेच धातू युडिआलाइटसारख्या खनिजात बसलेले असतात. युडिआलाइट दिसायला फार देखणं, गडद गुलाबी. आम्लात सहज विरघळतंही. पण विरघळताना त्यातली सिलिका जेली होऊन बसते, गाळण्या तुंबतात आणि धातू त्या जेलीत अडकतो. मोठमोठे साठे कित्येक वर्षं नकाशावरच राहिले, त्यामागे हे एक कारण आहे.

दुसरी अडचण थोरियम-युरेनियमची. तेही मॅंटलला नकोसेच, त्यामुळे त्याच पहिल्या थेंबात येतात. ग्रीनलंडमध्ये क्वानेफेल्डचा प्रचंड साठा आहे, पण २०२१ मध्ये तिथल्या संसदेने युरेनियमवर मर्यादा घालणारा कायदा केला आणि प्रकल्प अडला. आपल्याकडेही हीच भानगड आहे. भारताचे रेअर अर्थ मुख्यतः केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या समुद्रकाठच्या वाळूतल्या मोनाझाइटमधून येतात. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने ते अणुखनिज, सरकारी कंपनीच्या हातात. शिवाय त्यात हलके रेअर अर्थ भरपूर, पण डिस्प्रोसियम-टर्बियमसारखे जड अगदी थोडे. मोटार तापली तरी चुंबकाची ताकद टिकावी म्हणून हेच जड लागतात. म्हणून राजस्थानातल्या सिवाना इथल्या अल्कलाइन ग्रॅनाइटकडे लक्ष आहे, तिथे जड धातूंचं प्रमाण बरं आहे.

तिसरी अडचण वेगळं करण्याची. हे धातू रसायनात एकमेकांपासून जेमतेम ओळखू येतात. विद्युतभार सारखा, आकारात किंचित फरक. तेवढ्या फरकावर त्यांना एकातून एक सोडवायला द्रावणांच्या टाक्यांच्या रांगाच्या रांगा लागतात, शेकडो टप्पे. चीनची खरी पकड इथे आहे. शुद्धीकरणातला सुमारे ९० टक्के वाटा त्याच्याकडे. दगड आपल्याकडे आणि टाक्या त्याच्याकडे, असं असेल तर नव्या साठ्याची बातमी म्हणजे बोलाचीच कढी.

काळ्या दगडाखाली काही असेल का?

हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो झटकून टाकता येत नाही. लाव्हा वरून पसरला, हे कबूल. पण त्याच्याखाली जी जमीन होती तिच्यात असू शकतं ना?

असू शकतं. सोलापूरहून मद्रास लाइनने निघा. अक्कलकोट रोड, दुधनी, गुलबर्गा, इथवर काळा दगड साथ देतो. शहाबाद-वाडीला तो संपलेला असतो आणि खाली दडलेली चुनखडी उघडी पडते, जिची शहाबादी फरशी आपल्या घरोघरी आहे. आणखी पुढे रायचूरकडे जुना ग्रॅनाइट आणि नीस, म्हणजे उष्णतेने-दाबाने बदललेला पट्टेदार खडक. त्याच पट्ट्यात नारायणपेठ आहे. साडीमुळे नाव ऐकून असाल. तिथे त्या जुन्या दगडात किंबरलाइटचे पाइप, म्हणजे खालून वर आलेले नळीसारखे उभे खडक, घुसलेले आहेत, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे. किंबरलाइट म्हणजे दीडशे किलोमीटरहून खोलवरून आलेला, पोटॅशियमयुक्त खडक, अल्कलाइन खडकांचा जवळचा नातलग. याच जातीच्या पाइपांत अनंतपूरजवळ वज्रकरूरला हिरे आहेत.

तसला जुना खडक आपल्या पायाखालीही जातो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला, म्हणजे आपल्या ईशान्येला, अभ्यासासाठी खोल बोअर घेतलं गेलं. ३३८ मीटर बसाल्ट लागला, मग गाळाचा पातळ थर आणि त्याखाली नीस. तेव्हा इथल्या काळ्या पाषाणाखाली एखादा पाइप किंवा अल्कलाइन खडकाचा तुकडा नसेलच, असं छातीठोक कुणी म्हणू शकत नाही. पण शेकडो मीटर कठीण दगडाखाली, शे-दोनशे मीटर रुंदीची वस्तू शोधायची, तर आधी चुंबकीय आणि गुरुत्वीय सर्वेक्षणात ती उठून दिसायला हवी. वरचा बसाल्ट स्वतःच लोहयुक्त, चुंबकीय. तो खालच्या खुणा पुसट करतो. सापडली तरी तेवढं खोल जाऊन काढणं परवडायचा हिशेब फक्त फार श्रीमंत धातुकासाठी जमतो.

विहिरीत सापडलेल्या चमकत्या खड्यांचं काय?

विहिरीत सुरुंग घेतला की कधी कधी दगडाच्या पोकळीत पांढरे, हिरवट, मोरपंखी छटेचे स्फटिक निघतात आणि मोबाइलवर फोटो फिरू लागतात. हे बहुधा झिओलाइट, ॲपोफिलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे रिकामे राहिले, पुढे गरम पाणी त्या पोकळ्यांतून फिरलं आणि भिंतींवर ही खनिजं साचली. झिओलाइटमध्ये सोडियम असतं, पण ते नंतर पाण्याबरोबर आलेलं. त्यावरून मूळ दगड अल्कलाइन ठरत नाही. महाराष्ट्राची झिओलाइटं जगभरच्या संग्रहालयांत आहेत, तेव्हा चांगला गड्डा हातोड्याने फोडू नका.

रेअर अर्थची खनिजं इतकी दिखाऊ नसतात. मोनाझाइट पिवळसर तपकिरी बारीक दाणे, बास्टनेसाइट मेणचट तपकिरी. नुसत्या डोळ्यांना ती फसवतात. शोधणारे म्हणूनच डोळ्यांवर विसंबत नाहीत. सोबतच्या थोरियममधून निघणारा किरणोत्सार विमानात बसवलेल्या उपकरणांनी मोजतात. त्या नकाशांवर कार्बोनेटाइट, अल्कलाइन ग्रॅनाइट उठून दिसतात आणि दख्खनचा बसाल्ट सपाट, मंद पट्टा म्हणून पडून राहतो. तरीही एखाद्या खड्याबद्दल शंका असेल तर तो जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म अधिकाऱ्याकडे न्यावा. दगड कुठल्या गटातला, किती फुटांवर निघाला, वरच्या मुरुमात होता की कठीण पाषाणात, एवढं कागदावर लिहून न्या. फोटोपेक्षा ते जास्त कामाचं.